अंतराळयानांचं पुठ्ठ्याचं किट: मॉडेल एक नंबर, पुस्तिकेत मात्र घोळ

सोलापुरातल्या नवी पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात सध्या हे किट दिसतंय. स्पुटनिकपासून चांद्रयान-३ पर्यंतची यानं जाड पुठ्ठ्यातनं सुटी करायची, घड्या घालून जोडायची, सोबत एक रंगीत पुस्तिका. छापील किंमत ७९९ आहे पण मला ६५० ला दिलं, घासाघीस येत असेल तर अजून खाली येईल. पुतण्या सातवीत आहे त्याच्यासाठी घेतलं आणि सुट्टीत दोघांनी मिळून बनवलं, म्हणजे कात्री त्याची आणि बोटं चिकट माझी. थोडक्यात सांगायचं तर बिनधास्त घ्या, फक्त पुस्तिकेवर विश्वास ठेवून पोराला शाळेत भाषण करायला पाठवू नका.

पहिलं यान स्पुटनिक, सोव्हिएत रशियानं सोडलेला जगातला पहिला कृत्रिम उपग्रह, १९५७ च्या ४ ऑक्टोबरला गेलेलं. खरं यान फक्त ५८ सेंटीमीटरचं, ८३.६ किलोचा गोळा आणि चार अँटेना. इथं तो गोळा पाकळ्या जोडून करायचाय आणि तेच सगळ्यात किचकट काम आहे, पहिल्याच पानावर एवढं अवघड का ठेवलंय कळत नाही. पोरगं तिथंच कंटाळलं असतं. त्यामुळं आधी सोयुझ, म्हणजे माणसं नेणारं रशियाचं यान, करा आणि मग मागं या. सोयुझ मस्त जमलंय. तीन तुकडे वेगवेगळे होतात, पुढचा गोल, मधला घंटेसारखा आणि मागचा सोलर पंख असलेला, आणि परत येताना फक्त मधला तुकडा जमिनीवर येतो हे हातानं ओढून दाखवता येतं. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ मधनं गेले तेव्हा बसायला जागा एवढीच, तिघं जण गुडघे पोटाशी घेऊन. "काका, एवढ्याशा डब्यातनं खाली येत्यात व्हय?" असं पुतण्यानं विचारलं तेव्हाच माझे पैसे वसूल झाले.

पण किटमधली खरी मजा अमेरिकेच्या अपोलो मोहिमेतल्या चंद्रावर उतरणाऱ्या यानात, म्हणजे ते कोळ्यासारखं चार पायांचं. दिसायला एकदम वेडंवाकडं, ना टोक ना पंख. कारण काय तर ते हवेतनं उडणारच नव्हतं, चंद्रावर हवा नाही आणि पृथ्वीवर ते परत आणायचं नव्हतं, मग निमुळतं करून करायचं काय? सोनेरी चमकीचा स्टिकर दिलाय तो पायांच्या सांध्यावर बसवताना सुरकुत्या पडतात, पण खऱ्या यानावरचं आवरणही असंच चुरगळलेलं दिसतं त्यामुळं चालून जातंय. बुडात एक खाच आहे, तिथनं वरचा अर्धा भाग सुटा होतो आणि पाय असलेला खालचा भाग तिथंच राहतो, जसं जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वेळी झालं. हे एवढं डोकं ज्यानं लावलं त्याला मानलं पाहिजे.

स्पेस शटल, म्हणजे अमेरिकेचं ते विमानासारखं पंखांचं यान, त्याची इंधनाची टाकी पांढरी दिलीय. फोटोत सगळीकडं नारिंगी असते म्हणून प्रिंटिंगची चूक समजून दुकानात भांडायला जाऊ नका. एप्रिल १९८१ मध्ये कोलंबिया हे शटल पहिल्यांदा उडालं तेव्हा टाकी खरंच पांढरी रंगवलेली होती, दोन उड्डाणांनंतर रंग देणं बंद केलं आणि नुसत्या रंगाचं जवळजवळ २७० किलो वजन वाचलं. शटल टाकीच्या बाजूला चिकटवायचं असतं, आणि ते चिकटवताना डोक्यात येतंच की वरनं काही निसटलं तर ते थेट पंखावर पडणार. तेच झालं, टाकीवरच्या फोमचा तुकडा उडताना डाव्या पंखाला लागला आणि १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना कोलंबिया तुटलं, कल्पना चावला त्यातच होत्या. त्याच्या शेजारी ड्रॅगन, म्हणजे स्पेसएक्स कंपनीचं माणसं नेणारं यान, ठेवून बघा, ते रॉकेटच्या डोक्यावर बसतं आणि आकार परत अपोलोच्या माणसं पृथ्वीवर आणणाऱ्या कुपीसारखाच बोथट. खाली येताना बुड पुढं असतं, ते सपाट असलं की समोरची तापलेली हवा अंगापासून लांब राहते, टोकदार असतं तर टोकच आधी जळालं असतं. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ह्याच ड्रॅगनमधनं गेले. पन्नास वर्षं फिरून गाडी परत त्याच आकारावर आली हे टेबलावर ओळीनं मांडल्यावर जे कळतं ते पुस्तिकेच्या वीस पानांत कुठंच नाही.

आता पुस्तिका. आपला पहिला उपग्रह आर्यभट श्रीहरिकोट्यावरनं सोडला असं छापलंय. अहो, १९ एप्रिल १९७५ ला तो सोव्हिएत रशियातल्या कापुस्तिन यारवरनं गेला, रॉकेटही त्यांचंच, आपलं स्वतःचं रॉकेट एसएलव्ही-३ यशस्वी व्हायला १९८० उजाडलं. एवढं तरी तपासायचं की! दुसरी चूक चांद्रयान-३ च्या विक्रममध्ये, म्हणजे चंद्रावर उतरलेल्या भागात, खाली पाच नॉझल (इंजिनाची आग बाहेर पडते ती तोंडं) दिलेत. पाच इंजिनं चांद्रयान-२ च्या विक्रमला होती, २३ ऑगस्ट २०२३ ला जो उतरला त्याला चारच, मधलं काढून टाकलं होतं. त्यामुळं मधलं नॉझल चिकटवू नका, झालं काम.

भारताचा भाग एकूणच घाईत उरकलाय. मंगळयानाला एक पान आणि चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटला अर्धं. खरं तर ह्या एलव्हीएम-३ मध्ये आपल्या भागातल्या पोरांना सांगण्यासारखं किती आहे. बाजूचे ते दोन जाडजूड एस-२०० बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी रॉकेटं, प्रत्येकात जवळजवळ २०० टन घन इंधन, उड्डाणाला आधी फक्त तेच पेटतात आणि मधलं इंजिन नंतर वर हवेत सुरू होतं. चांद्रयान-३ च्या बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनलेत, आणि तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे. पुण्याला जाता येता इंदापूरवरनं किती वेळा गेलो असू आपण. पुस्तिकेत ह्याचा एक शब्द नाही, त्यामुळं ते तुम्हालाच सांगावं लागेल.

सामानाबद्दल: पुठ्ठा जाड आहे, घडीच्या रेषा नीट दाबलेल्या आहेत, कुठं फाटलं नाही. सोबतची गोंदाची ट्यूब मात्र टाकून द्या. आपल्याकडच्या मे महिन्यात ती दुपारी पातळ होऊन वाहते आणि सकाळी बघावं तर पंख गळून पडलेले, सरळ फेव्हिकॉल वापरा आणि कपड्याच्या चिमट्यानं रात्रभर दाबून ठेवा. अजून एक, सगळी मॉडेल एका मापात नाहीत. अपोलो नेणारं ११० मीटरचं सॅटर्न-५ रॉकेट आणि ४३ मीटरचं एलव्हीएम-३ शेजारी ठेवलं तर सारख्याच उंचीचे वाटतात, ते पोरांना आधीच सांगून ठेवा.

दहा वर्षांच्या आतल्या पोराला एकट्याला देऊ नका, नॉझलची भोकं कापायला कटर लागतो. आणि दुकानात मोठा निळा डबाच मागा, लहान लाल डबा ३०० ला मिळतो पण त्यात चारच यानं आहेत आणि विक्रम नाहीच.