झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही: रिको जीआर थ्री महिनोन्महिने वापरल्यावर

रिको जीआर थ्री घ्यायचा विचार करत असाल तर दुकानात जाण्याआधी दोन मीटर अंतर डोळ्यांनी ओळखायला शिका. मेन्यू, रंग, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) हे सगळं नंतर सवयीने जमतं. या कॅमेऱ्याची लेन्स एकच. ती काढता येत नाही, झूम होत नाही. प्रत्यक्षात ती १८.३ मिमी एफ/२.८ आहे, फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात २८ मिमी, म्हणजे रुंद नजरेची. समोरचा माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपण पुढे जायचं, नको ते चौकटीत येत असेल तर आपण जागा बदलायची. पुण्याच्या गर्दीत, मंडईत, वारीत, पावसाळ्यात हा कॅमेरा खिशात घेऊन फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय. याचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष अंतरापाशी येऊन थांबतात. ते अंतर सांभाळायची तयारी असेल तर याच्यासारखा सोबती नाही, नसेल तर हा रोज चिडचिड करायला लावेल.

थोडी ओळख करून देते. जीआर हे नाव जुनं आहे. १९९६ साली जीआर वन हा फिल्मचा कॅमेरा आला, २००५ मध्ये जीआर डिजिटल आणि २०१३ मध्ये तशाच छोट्या बॉडीत एपीएस-सी आकाराचा मोठा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग. जीआर थ्री २०१९ च्या मार्चमध्ये बाजारात आला. २४ मेगापिक्सेल, बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅम वजन. दाइदो मोरियामा यांच्यासारख्या जपानी छायाचित्रकाराने याच घराण्यातले छोटे कॅमेरे वर्षानुवर्षं वापरले, म्हणून रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांमध्ये या नावाला मान आहे. बाहेरून मात्र हा काळा, चपटा, कुणाच्या नजरेत न भरणारा डबा आहे. कुर्त्याच्या खिशात आरामात मावतो. मला तो आवडण्याचं अर्धं कारण तेच, कारण घरी ठेवलेला चांगला कॅमेरा काही कामाचा नसतो.

आता स्नॅप फोकसबद्दल, कारण जीआरचा जीव त्यात आहे. फोकस कुठे करायचा हे कॅमेऱ्याला शोधायला न लावता आपण आधीच अंतर ठरवून ठेवायचं: १, १.५, २, २.५, ५ मीटर, अनंत वगैरे. बटण अर्धं दाबलं तर नेहमीसारखा ऑटोफोकस होतो. एका दमात पूर्ण दाबलं तर कॅमेरा काहीही न शोधता ठरवलेल्या अंतरावर फोटो घेऊन मोकळा होतो. यामागचं गणित समजून घेतलं की मजा येते. एफ/८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, २ मीटर ठेवलं तर साधारण १ मीटरपासून २० मीटरच्या आसपासपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे दिवसाउजेडी फोकसचा विचारच संपला. समोर काय घडतंय एवढंच बघायचं. तेच छिद्र पूर्ण उघडून एफ/२.८ वर नेलं तर स्पष्ट पट्टा दीड ते तीन मीटर एवढाच उरतो. तिथे मात्र अंदाज चुकला की फोटो गेला.

दोन मीटर म्हणजे नेमकं किती, याची माझी खूण अशी: कॅमेरा उभा धरल्यावर मोठा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो आणि वर-खाली थोडी जागा उरते. आडवा धरला तर तोच माणूस डोक्यापासून साधारण घोट्यापर्यंत येतो. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की स्क्रीनकडे बघायची गरज कमी होत जाते. मोड डायलवर यू१, यू२, यू३ अशा आपल्या पसंतीच्या तीन जागा आहेत. माझ्या यू१ मध्ये स्नॅप २ मीटर, एफ/८, आयएसओ ऑटो आणि शटरचा वेग कमीत कमी १/२५० सेकंद. यू२ मध्ये एफ/२.८ आणि ऑटोफोकस, संध्याकाळसाठी. यू३ कृष्णधवल. नव्याने घेणाऱ्यांना मी सांगेन की पहिल्या आठवड्यात दुसरं काही करू नका, फक्त या तीन जागा नीट भरा. रोज मेन्यूत शिरावं लागलं तर खिशातला कॅमेरा बाळगण्याचा अर्थच जातो. चालू व्हायला त्याला कंपनीच्या आकड्यानुसार ०.८ सेकंद लागतात, आणि वापरताना ते खरं वाटतं. खिशातून हात बाहेर येईतो लेन्स तयार असते.

महात्मा फुले मंडईत याचा खरा कस लागतो. १८८६ ची ती दगडी इमारत, आत उंच छत, वरच्या झरोक्यांतून पडणारा उजेड आणि खाली गाळ्यांवर पिवळे दिवे. दोन प्रकाशांची अशी सरमिसळ असते की मोबाइल सगळं सपाट करून टाकतो. जीआरची डीएनजी, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल मात्र काळोखातलं बरंच काही सांभाळून ठेवते, घरी सावकाश बाहेर काढता येतं. लेन्समधलं लीफ शटर जवळजवळ निःशब्द आहे. सेन्सर हलवून हात स्थिर करणारी यंत्रणा तीन अक्षांवर काम करते, त्यामुळे स्थिर गोष्टी १/८ सेकंदालाही हातात धरून नीट येतात. माणूस हलला तर अर्थातच ती काही करू शकत नाही.

पण मंडईत कॅमेऱ्यापेक्षा अंतराचाच अनुभव मोठा. दोन मीटरवर उभं राहून तुम्ही लपून फोटो काढू शकत नाही. बोलावं लागतं.

“मावशी, एक फोटो काढू का?”

“काढ की. पण मेथी घेणार का नुसताच फोटो?”

मेथी घेतली. मग त्यांनी जुडी बांधत मागच्या गाळ्यावरच्या बाईंशी भांडण सुरू केलं आणि मी समोर आहे हे विसरून गेल्या. मोठी लेन्स रोखली की माणसं पदर सावरून ताठ बसतात. या एवढ्याशा कॅमेऱ्यासमोर ती पुन्हा आपल्या कामाला लागतात. लांबून टिपलेल्या चेहऱ्यात आणि दोन मीटरवरून, बोलून घेतलेल्या चेहऱ्यात फरक असतो. तो फरक मला हवा आहे, म्हणून २८ मिमीचा हट्ट मला जाचत नाही.

तो जाचतो कुठे, तेही सांगायला हवं. दिवे घाटात. पुण्याहून सासवडकडे जाताना माउलींची पालखी घाट चढते तेव्हाचं जे दृश्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, वळणावळणांवर पसरलेला माणसांचा पांढरा प्रवाह, ते लांब पल्ल्याच्या लेन्सचं काम आहे. जीआरमध्ये तो प्रवाह बारीक रेघ होऊन जातो आणि तीन चतुर्थांश चौकट डोंगर आणि ढग खातात. कॅमेऱ्यात ३५ आणि ५० मिमीचा क्रॉप आहे, पण ते सेन्सरच्या मधला तुकडा कापणंच आहे. ३५ ला १५ मेगापिक्सेल उरतात, ५० ला ७. आठ बाय दहा इंची प्रिंटला सातही पुरतात, तरी घाटासाठी ५० मिमीसुद्धा तोकडं. अशा जागी मी वरून फोटो काढायचं सोडून खाली दिंडीत चालते. टाळकऱ्यांच्या रांगेत, हाताच्या अंतरावर, हा कॅमेरा पुन्हा आपल्या घरी येतो.

वारीत दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. धोतर, सदरा, टोपी सगळं पांढरं, चेहरे उन्हात रापलेले. नेहमीच्या मीटरिंगवर (उजेड मोजण्याच्या पद्धतीवर) एक तर टोप्या जळतात, म्हणजे तपशील जाऊन कोऱ्या पांढऱ्या होतात, किंवा आकाश. जीआर थ्रीमध्ये उजळ भागाला महत्त्व देणारं मीटरिंग आहे, ते लावलं की टोपीच्या घड्या शाबूत राहतात. चेहरे काळवंडतात, पण ते डीएनजीतून वर उचलता येतात. जळलेला पांढरा कुठूनच परत येत नाही. जेपीईजीच वापरणाऱ्यांनी मात्र हे मीटरिंग जपून वापरावं.

आता पाणी आणि धूळ. या बॉडीला पाण्याधुळीपासून संरक्षण नाही, आणि कंपनी तसा दावाही करत नाही. चालू केल्यावर लेन्स बाहेर येते, बंद केल्यावर आत जाते. अशा रचनेत धूळ आत ओढली जाण्याची शक्यता असतेच, आणि जीआर वापरणाऱ्यांमध्ये सेन्सरवरच्या ठिपक्यांची तक्रार जुनी आहे. सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय थ्रीमध्ये आहे, तिने सैल धूळ पडते, चिकटलेली नाही. लेन्स निघत नसल्यामुळे आतली सफाई घरी करता येत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. म्हणून सोमवतीला जेजुरीत हवेत भंडारा उधळला जात असताना मी हा कॅमेरा बाहेर काढत नाही. हळदीची ती बारीक पूड कुठेही शिरते. तो सोनेरी धूर बघून हात शिवशिवतात, हे खरं. पायऱ्या उतरून खाली आल्यावर, कपाळावर भंडारा लावलेली माणसं चहाला टेकलेली असतात, तिथे काढते.

पावसाळ्यात माझी पद्धत साधी आहे: झिपवाली प्लास्टिकची पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि फोटो छत्रीखाली किंवा दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहूनच. एसी गाडीतून बाहेर आल्याआल्या कॅमेरा चालू करू नये, काचेवर दमट धुकं धरतं. पाच-दहा मिनिटं पिशवीतच राहू द्यावा.

बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रमाणित चाचणीत एका बॅटरीवर सुमारे २०० फोटो, आणि दिवसभर बाहेर असाल तर ते कमी आहे. दोन जादा बॅटऱ्या घेऊनच ठेवा, त्या लहान आहेत. यूएसबी-सी असल्यामुळे पॉवर बँकवर चार्ज होतो. आत २ जीबीची मेमरी आहे, कार्ड भरलं तर काही डझन फोटोंपुरती वेळ निभावते.

स्क्रीन जागेवर घट्ट बसवलेला आहे, वर-खाली वळत नाही, आणि डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. एप्रिलच्या दुपारी बारा वाजता त्यात आपलाच चेहरा दिसतो. ब्राइटनेस झटकन वाढवण्याची सोय आहे, तिने थोडा फरक पडतो. वरच्या हॉट शूवर (फ्लॅश वगैरे बसवायच्या खाचेवर) बसणारा काचेचा छोटा व्ह्यूफाइंडर वेगळा मिळतो, त्यातून चौकट दिसते, माहिती काही दिसत नाही. मी तो घेतला नाही. तो लावला की कॅमेरा खिशात जात नाही आणि मग जीआर घेण्याचं कारणच उरत नाही. त्यापेक्षा छातीशी धरून, अंतर ओळखून काढणं मला पटलं. चौकट कधी तिरकी येते. रस्त्यावरच्या फोटोला तेवढा तिरकेपणा शोभतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

रात्र हा वादाचा विषय. जीआर टूमध्ये छोटा फ्लॅश होता, थ्रीमध्ये तो काढून टाकला. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशा पथकाच्या अगदी पुढ्यात उभं राहिलं की त्याची उणीव जाणवते. त्यात कमी उजेडात ऑटोफोकस पुढे-मागे चाचपडतो, आणि ढोलाचा ठोका तोवर पडून गेलेला असतो. माझा उपाय पुन्हा स्नॅप: २ मीटर, एफ/२.८, शटर १/१२५, आयएसओ ६४०० पर्यंत ऑटो. दीड ते तीन मीटरचा तो पट्टा सांभाळत पथकासोबत मागे-मागे चालायचं. दाणे येतात, आणि कृष्णधवलमध्ये ते फार देखणे दिसतात. मागे सरकायला जागा नसलेल्या त्या गर्दीत २८ मिमीच उपयोगी पडतं, हेही तिथेच कळतं.

फोन असताना हा कशाला, हा प्रश्न घरातल्यांपासून सगळे विचारतात. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची नजरही साधारण एवढीच रुंद असते, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. माझ्यासाठी उत्तर फाइलमध्ये आहे आणि हातात आहे. एपीएस-सी सेन्सर फोनच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे सावल्या सावल्यांसारख्या राहतात. आणि या वस्तूवर फोन येत नाही, मेसेज येत नाही. कॅमेरा बाहेर काढला की मी फक्त बघत असते. ज्यांना फोटो लगेच पाठवायचे असतात किंवा व्हिडिओ काढायचे असतात त्यांनी फोनच वापरावा. याचा व्हिडिओ फुल एचडीपुरता आहे आणि त्यासाठी हा कोणी घेऊ नये.

घरातली माणसं, लहान मुलं, चेहरे हेच तुमचे विषय असतील तर २०२१ चा जीआर थ्री एक्स बघा. त्याची लेन्स ४० मिमीच्या हिशोबाची आहे. २८ मिमीने जवळून चेहरा घेतला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आजीला तो फोटो दाखवला तर ती नाराज होणारच. थ्री एक्समध्ये हे बरंच टळतं. मात्र स्पष्ट पट्टा अरुंद होतो, त्यामुळे स्नॅप फोकसला तेवढी मोकळीक मिळत नाही. मंडईसाठी मी २८ च घेईन.

२०२५ मध्ये जीआर फोर आला. तीन ऐवजी पाच अक्षांचं स्थिरीकरण, आत २ ऐवजी ५३ जीबी मेमरी, लेन्सही नव्याने घडवलेली, नजर तीच २८ मिमीची. नव्याने घेणाऱ्याने बजेट असेल तर तोच घ्यावा. मी बदलणार नाही. माझ्या यू१, यू२, यू३ वर बोटं बसली आहेत, फोरलाही फ्लॅश आणि व्ह्यूफाइंडर नाहीच, आणि त्याची बॅटरी वेगळी असल्यामुळे माझ्याकडच्या जादा बॅटऱ्या त्यात बसत नाहीत.