अनलिमिटेड, पण हद्दीत राहून: घरच्या इंटरनेटचा दीड वर्षाचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव देत नाहीये, आणि खरं तर गरजही नाही, आधीच्या दोन कंपन्याही याच वळणाच्या होत्या, नाव बदलून हाच रिव्ह्यू तिकडे चिकटवला तरी कुणाला कळणार नाही. घरचं फायबर कनेक्शन आहे, दीड वर्ष झालं. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, नेट चांगलं चालतं. व्हिडिओ कॉल अडकत नाही, मुलांचं गेमिंग चालतं, पाचपैकी तीन स्टार, या आता.

बाकीचे दोन स्टार मी कापलेत ते शब्दांसाठी. म्हणजे ही मंडळी जे शब्द वापरतात ते सगळे मला येतात, पण तिथे गेल्यावर एकही आपल्या अर्थाने भेटत नाही.

प्लॅनच्या नावातच 'अनलिमिटेड' आहे. पहिल्या महिन्यात तिसऱ्या आठवड्यात नेटची बैलगाडी झाली, फोन केला, तर कळलं की ठरावीक डेटा वापरून झाला की स्पीड खाली आणतात, त्याला 'फेअर युसेज' म्हणतात (फेअर कुणाला ते विचारायचं राहिलं). मी म्हटलं, अहो मग हे अनलिमिटेड कसं? तर पलीकडची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "मॅम, डेटा अनलिमिटेडच आहे, लिमिट स्पीडला आहे." यावर काय बोलणार! जेवढं हवं तेवढं पाणी घ्या फक्त चमच्याने घ्या, असं झालं हे.

मग तो '१०० एमबीपीएस पर्यंत' मधला 'पर्यंत'. आकडा पोस्टरभर आणि 'पर्यंत' मुंगीएवढा. आता 'पर्यंत'चा अर्थ धरला तर शून्य पण शंभरपर्यंतच येतं, म्हणजे तो शब्द असला की यांचं कधी काही चुकतच नाही. इथे एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवी, फाइल उतरवताना स्क्रीनवर १२ च्या आसपासच आकडा दिसतो म्हणून मी एकदा भांडले होते आणि ते भांडण माझं चुकलं होतं. जाहिरातीतला आकडा मेगाबिटचा, फाइलचा मेगाबाइटचा, ८ बिटांचा १ बाइट, त्यामुळे १०० ला ८ ने भागलं की १२.५. नेटवर्कवाले पहिल्यापासून बिटातच मोजतात. पण दोन मापांना एकाच अक्षराने सुरू होणारी नावं ठेवणारा जो कोणी असेल त्याच्याशी मला एकदा बोलायचंय.

आणि 'लाइफटाइम फ्री राउटर'! चौदाव्या महिन्यात बंद पडला. माझं लाइफटाइम चालू आहे म्हटलं. तर ते राउटरचं लाइफटाइम असतं म्हणे, आणि तो मेला म्हणजे ते संपलं. लॉजिकला तोड नाही.

पण खरी मजा पदनामांची. तक्रार नोंदवली की पहिल्यांदा 'कस्टमर डिलाइट असोसिएट' येते. तिच्याने झालं नाही की 'एक्सपिरियन्स मॅनेजर', त्याच्यावर 'रिलेशनशिप लीड'. गंमत अशी की जसजसं वर जाल तसतसं समोरच्याच्या हातात कमी कमी असतं. पहिल्या मुलीला निदान माझी तक्रार स्क्रीनवर दिसत होती, रिलेशनशिप लीडला मी तीन वेळा ग्राहक क्रमांक सांगितला तरी तो "सिस्टीम स्लो आहे" हेच म्हणत होता, इंटरनेट कंपनीत! एक्सपिरियन्स मॅनेजरला मी एकदा वैतागून विचारलंच, तुम्ही मॅनेजर आहात तर मॅनेज कुणाला करता? पोरगा प्रामाणिक निघाला, दोन सेकंद थांबून म्हणाला, "मॅम, तुम्हालाच." त्या दिवशी मी फोन हसत ठेवला.

हे काही एकट्या याच कंपनीचं नाही हे मान्य. डिस्नेच्या पार्कात झाडू मारणारासुद्धा 'कास्ट मेंबर' असतो, सबवेत सँडविच भरणाऱ्याला 'सँडविच आर्टिस्ट' म्हणतात, ॲपलच्या दुकानात २००१ पासून दुरुस्तीच्या टेबलाला 'जीनियस बार' म्हणतात. मोठ्या बँकांमध्ये तर 'व्हाइस प्रेसिडेंट' इतके असतात की एका मजल्यावर डझनभर निघावेत, आणि त्यातला कुणीही बँकेचा उपाध्यक्ष नसतो. ऑफिसात बघा, पगार वाढवायचा नसला की पद वाढवतात, त्यात पैसे जात नाहीत, कार्ड छापायचा खर्च तेवढा. माझ्या एका मैत्रिणीच्या पदात 'सीनियर', 'लीड' आणि 'स्पेशालिस्ट' तिन्ही आहेत आणि ती तिच्या टीममध्ये एकटी आहे.

पदं घसरतात हे आपल्याला नवीन नाही म्हणा. मुघलांच्या काळात सुभेदार म्हणजे अख्ख्या प्रांताचा कारभारी, पुढे तो सैन्यातला एक हुद्दा झाला. शिवकाळात २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरचे स्वार) एक हवालदार असायचा, गडाच्या किल्ल्याही हवालदाराकडे असायच्या, आज हवालदार म्हटलं की डोळ्यासमोर कोण येतं ते सांगायला नको. आणि शिपाई तर फारसीतला सरळ सैनिक, लढणारा, तो ऑफिसात येऊन फायली पोचवायला लागला. पण यांना खाली यायला शेकडो वर्षं लागली हो, मधे राज्यं आली गेली. इथे सोमवारी 'हॅपिनेस हिरो' हे पद काढतात आणि शुक्रवारी ते ऐकलं की हसू येतं.

म्हणजे शब्दाचा अर्थ बदलला की मी लगेच व्याकरणाची काठी घेऊन धावते असं समजू नका. 'चेष्टा' संस्कृतात हालचाल, प्रयत्न, आपल्याकडे थट्टा, चालतंय की. 'अपरोक्ष' म्हणजे खरं तर डोळ्यासमोर, आणि आपण सगळे ते पाठीमागे या अर्थाने वापरतो, बरोबर उलटं, आणि मीही वापरते. इंग्रजीतला 'नाइस' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी. 'भयंकर आवडलं' म्हणताना कुणाला भय वाटत नाही. वापरून वापरून शब्द झिजतो, पायरी झिजते तसा, त्याचा राग कुणावर काढणार. पण 'अनलिमिटेड' झिजलेला नाही, तो कुणीतरी मीटिंग घेऊन वाकवलाय, आणि वाकवणाऱ्याला मूळ अर्थ पक्का माहीत आहे, किंबहुना आपल्याला तो माहीत आहे यावरच त्याची विक्री चालते.

असो. गेल्या महिन्यातलं सांगते. बॉक्सवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे सिग्नलच पोचत नाही. तक्रार केली, दहा मिनिटांत मेसेज, 'तुमची तक्रार रिझॉल्व्ह झाली आहे'. दिवा लालच. परत तक्रार, परत रिझॉल्व्ह. चार वेळा. चौथ्यांदा मला कळलं की यांच्या भाषेत रिझॉल्व्ह म्हणजे नोंद मिटवली, तुमच्या घरात काय चाललंय त्याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

पाचव्या दिवशी एक दादा आला. गळ्यातल्या कार्डावर 'फील्ड सक्सेस इंजिनिअर'. म्हटलं तुम्हाला काय म्हणू? "लाइनमन म्हणा ताई, घरी पण तेच सांगतो." तो जास्त बोलला नाही. भिंतीपासून वायर बोटाने चाचपत गेला आणि कपाटाच्या मागे थांबला. कपाट मी आठवड्यापूर्वी सरकवलं होतं, आणि वायर कपाट आणि भिंतीच्या मधे चेंगरून पार घडी पडली होती. हे मी आधी कुठल्याही तक्रारीत लिहिलेलं नव्हतं, आठवलंच नव्हतं.

त्याने तेवढा तुकडा कापला, वरचं प्लास्टिक सोललं आणि आत निघाला तो काचेचा तंतू, १२५ मायक्रॉन, म्हणजे जवळपास केसाएवढा, आणि प्रकाश जातो तो त्याच्याही मधल्या ९ मायक्रॉनमधून. अल्कोहोल लावलेल्या कागदाने पुसला, छोट्या चिमट्यासारख्या मशीनमध्ये ठेवून टक् करून टोक सरळ कापलं, "आता कनेक्टर मारतो" म्हणाला आणि मारला. हातातल्या प्रकाश मोजायच्या मीटरवर आधी उणे २९ होतं, आता उणे १९. या मापात १० चा फरक म्हणजे प्रकाश १० पट, आणि साधारण उणे २७ च्या खाली गेलं की बॉक्सला काही दिसत नाही, हे त्यानेच समजावलं. दिवा हिरवा. सगळं मिळून वीस मिनिटं. दीड वर्षात या कंपनीकडून मला मिळालेला हा पहिला आकडा ज्याला 'पर्यंत' नव्हतं.

पाणी पिताना म्हणाला, कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते. म्हणजे नफ्यात वाटा? नाही, म्हणजे तो नोकर नाही, म्हणून रजा नाही, आजारी पडला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. बाकी सगळ्या पदांवर मी हसले होते, यावर हसता आलं नाही.

जाताना जरा संकोचून म्हणाला, "ताई, मेसेज येईल, ओळखीच्यांना कंपनी सुचवाल का म्हणून. दहा द्या. नऊ पण चालतं. आठ दिलं तर मोजत नाहीत, सहा दिलं तर माझ्यावर येतं." मला खोटं वाटलं, पण खरंच तशी पद्धत आहे, २००३ पासून जगभरच्या कंपन्या वापरतात, नऊ-दहा म्हणजे खूश, सात-आठ धरतच नाहीत, शून्य ते सहा सगळे एकाच टोपलीत, नाराज. म्हणजे आता आकड्यांचेही अर्थ बदलले. मी कुणालाही आठ देते तेव्हा मनापासून देते हो, आठ म्हणजे उत्तम, अजून काय पाहिजे!

दहा दिले. खाली लिहायला जागा होती तिथे सरळ लिहिलं की काम एकदम छान झालं, लाइनमन हुशार आहे, त्याला पगारी रजा द्या, आणि चूक माझीच होती, कपाट मी सरकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खाली सही 'व्हाइस प्रेसिडेंट, कस्टमर हॅपिनेस'. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कपाटाविषयीची आपली तक्रार रिझॉल्व्ह झाली आहे.'