सायकलवर स्मार्टवॉच : नोंद चोख, बघण्याची पंचाईत

मनगटावर आधीच जीपीएसचं घड्याळ असेल, तर हँडलवर वेगळा सायकल कॉम्प्युटर (राइडचे आकडे दाखवणारं छोट्या स्क्रीनचं उपकरण) कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एका गोष्टीवर ठरतं. राइडचे आकडे तुम्हाला घरी आल्यावर बघायचे आहेत, की चालवताना? नोंद ठेवण्यात आजचं चांगलं घड्याळ कॉम्प्युटरच्या तोडीस तोड आहे. अंतर, चढाई, हार्ट रेट, पॉवर (पेडलवर लागणारा जोर, वॅटमध्ये) सगळं तशाच फाइलमध्ये उतरतं आणि त्याच अ‍ॅपमध्ये जातं. अडतं ते चालत्या सायकलवर आकडा नजरेसमोर ठेवताना. ही अडचण कुठल्याही अपडेटने सुटणारी नाही, कारण ती हात आणि हँडल यांच्या रचनेतच आहे.

रोड बाइकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर हूड्स (ब्रेकच्या दांड्यांवरचे रबरी उंचवटे) धरून बघा. अंगठे वर येतात, तळवे समोरासमोर येतात आणि घड्याळाची स्क्रीन बाहेरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेकडे तोंड करते. आकडा वाचायचा तर पकड सैल करून हात आत वळवावा लागतो. ताशी 30 किमी वेगाला सायकल सेकंदाला 8.3 मीटर जाते. म्हणजे दोन सेकंद मनगटाकडे बघितलं की 16-17 मीटर रस्ता न बघताच मागे पडला. ग्रुपमध्ये पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवताना हे अजिबात करू नये. सरळ हँडलच्या हायब्रीडवर मात्र तळवे खाली असतात आणि स्क्रीन आपसूक वर, चालवणाऱ्याकडे येते. त्यामुळे हायब्रीडवाल्यांना घड्याळ पुरतं आणि रोड बाइकवाले वैतागतात. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

स्क्रीनचा आकारही आड येतो. बहुतेक स्पोर्ट्स घड्याळांची स्क्रीन 1.2 ते 1.4 इंच, तीही गोल. सायकल कॉम्प्युटरांपैकी गार्मिन एज 540 किंवा 840 ची 2.6 इंच, एज 1040 ची 3.5 इंच. घड्याळात एका पानावर पाच-सहा आकडे बसवता येतात खरे, पण हलत्या सायकलवर ते वाचता येत नाहीत. एका पानावर तीनच ठेवा: 3 सेकंदांची सरासरी पॉवर, हार्ट रेट आणि अंतर. पॉवर मोजणारा सेन्सर, म्हणजे पॉवर मीटर, नसेल तर पॉवरच्या जागी वेग. बाकीचं दुसऱ्या पानावर. पॉवर क्षणाक्षणाला उड्या मारते, म्हणून नुसता 'पॉवर' हा रकाना निवडू नका, 3 सेकंदांचाच घ्या.

यावर बरेच जण घड्याळ मनगटावरून काढून हँडलवर बांधतात. थोडी काळजी घेतली तर हे छान जमतं. स्टेमजवळ (हँडल सायकलला धरून ठेवणारा तुकडा) हँडलचा व्यास बहुधा 31.8 मिमी असतो, म्हणजे घेर जेमतेम 100 मिमी. मनगटाचा घेर 150 ते 180 मिमी. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी घड्याळ सैलच राहणार आणि पहिल्या खड्ड्याला गरकन खाली फिरणार. मध्ये फोम किंवा रबराचा साधारण 10 मिमी जाडीचा तुकडा हवा. असे माउंट तयार मिळतात. बकलचा सिलिकॉन पट्टा यावर घट्ट बसतो. नायलॉनचा, वेल्क्रोचा पट्टा घामाने आणि पावसाने ढिला पडतो, तो टाळा. वरून चपट्या असलेल्या एरो हँडलवर हा प्रकार बसतच नाही.

घड्याळ हँडलवर गेलं की काही सेटिंग बदलावीच लागतात, आणि नेमकी हीच पायरी लोक विसरतात. सगळ्यात आधी मनगटावरचा हार्ट रेट सेन्सर बंद करा. तो चालू राहिला तर फोमवरून परतलेल्या उजेडातूनही काहीतरी आकडा काढतो आणि खरा म्हणून नोंदवतो. ट्रेनिंग लोड, रिकव्हरी, कॅलरी हे सगळे हिशेब मग त्या खोट्या आकड्यावर उभे राहतात. त्याऐवजी छातीचा पट्टा जोडा. दुसरं, स्क्रीन कायम चालू ठेवा. अमोलेड स्क्रीनची घड्याळं हात उचलला की उजळतात. हँडलवर हात उचलण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे ऐन चढावर समोर काळी काच. तिसरं, मनगटावर आहे की नाही हे तपासणारी सोय. अ‍ॅपल वॉच मनगटावरून उतरलं की कुलूपबंद होतं. ही तपासणी बंद करता येते, पण राइड संपल्यावर ती आठवणीने परत चालू करा. एक तोटा मात्र पत्करावाच लागतो. वळण आलं, लॅप झाली, इंटरव्हल (ठरावीक वेळ जोर लावण्याचा टप्पा) संपला, हे घड्याळ थरथरून सांगतं. हँडलवर ती थरथर कुणाला कळणार? आणि बीप वाऱ्यात विरून जातो.

मनगटावरच ठेवणार असाल तर हार्ट रेटबद्दल फार भरवसा बाळगू नका. मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची ये-जा मोजतो. सायकलवर मनगट मागे वाकलेलं असतं, पकड घट्ट असते, शिरांवर दाब येतो, रस्त्याची कंपनं सेन्सरला त्वचेवर घासत राहतात आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. थंडीत त्वचेकडचा रक्तपुरवठाच घटतो. एका लयीत चाललेल्या लांब राइडला आकडा बऱ्यापैकी जुळतो. पण 30 सेकंदांच्या जोरदार इंटरव्हलमध्ये तो मागेच राहतो. तुम्ही दम टाकायला लागता तेव्हा कुठे तो चढायला लागतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा आणि राइडपुरता पट्टा एक भोक आवळा. वर सरकवल्याने आणखी एक फायदा होतो: हात मागे वाकला की मुठीच्या पाठीने बटण दाबलं जाऊन राइड मध्येच थांबण्याचा प्रकार टळतो. झोन (हार्ट रेटचे ठरवलेले टप्पे) बघून ट्रेनिंग करायचं असेल तर छातीचा पट्टाच घ्या. त्याचे इलेक्ट्रोड लावण्याआधी पाण्याने ओले करा. कोरडे लावले तर घाम येईपर्यंत पहिली काही मिनिटं वेडेवाकडे आकडे देतात. छातीला पट्टा नकोच असेल तर दंडावर बांधायचे ऑप्टिकल सेन्सर मिळतात. दंड वाकत नाही, त्यामुळे ते मनगटापेक्षा खूप बरे.

घड्याळ विकत घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती सेन्सरच्या बाबतीत. पाकिटावर 'सायकलिंग मोड' लिहिलेलं असतं, पण त्यात पॉवर मीटर जोडता येतोच असं नाही. गार्मिनचंच बघा. त्यांच्या फोररनर घड्याळांपैकी 255, 265, 955, 965 पॉवर मीटर घेतात. फोररनर 55, 165 आणि जुनं 245 थेट घेत नाहीत, वेग आणि कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) यांवरच थांबतात. पोलर आणि सुंटोची घड्याळं सेन्सरशी फक्त ब्लूटूथवर बोलतात. अ‍ॅपल वॉचमध्ये 2023 च्या वॉचओएस 10 पासून वेग, कॅडन्स आणि पॉवरचे ब्लूटूथ सेन्सर जोडता येतात, अँट प्लस (ब्लूटूथसारखीच सेन्सर जोडायची दुसरी बिनतारी पद्धत) मात्र नाही. तुमच्याकडचा सेन्सर जुना आणि फक्त अँट प्लसवर चालणारा असेल तर या तिन्ही ब्रँडच्या घड्याळांना तो दिसणारच नाही. अँट प्लसवर एकच सेन्सर कितीही उपकरणांना आकडे देतो. ब्लूटूथवर बरेच सेन्सर एकावेळी एक, फार तर दोन-तीन जोडण्याच सांभाळतात. म्हणून 'काल सापडत होता, आज सापडत नाही' ही तक्रार आली की आधी फोनमधली ट्रेनर अ‍ॅप पूर्ण बंद करा. बहुतेक वेळा सेन्सर तिनेच धरून ठेवलेला असतो. अ‍ॅप बंद करून क्रँक (पेडलचा दांडा) दोन-चार वेळा फिरवा, सेन्सर जागा होतो आणि सापडतो.

कॅडन्ससाठी सेन्सर लागतोच. धावताना हात हलतो म्हणून घड्याळाला पावलं मोजता येतात. सायकलवर हात हँडलवर स्थिर, पेडल किती वेळा फिरलं हे मनगटाला कळायला मार्ग नाही. हा सेन्सर डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला बसवतात. बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण फिरवून तो फ्रेमला घासत नाही ना, ते बघा.

वेगाचा सेन्सर मात्र ऐच्छिक आहे. मोकळ्या रस्त्यावर जीपीएसचा वेग पुरेसा चांगला असतो. दाट झाडी, बोगदे, उंच इमारती, नागमोडी चढ अशा ठिकाणी तो गडबडतो. त्यातच मनगटावर घड्याळाचं तोंड बाजूला असल्याने अँटेनाला आकाश कमी दिसतं. सेन्सर लावलात तर चाकाचा घेर नीट भरा: 700×25 टायरला 2105 मिमी, 700×28 ला 2136 मिमी. टायर 28 चा आणि आकडा 25 चा राहिला तर फरक दीड टक्क्याच्या आसपास पडतो, म्हणजे 100 किमीच्या राइडला 98.5 किमी दिसतात. त्याहून अचूक हवं असेल तर टायरमध्ये नेहमीची हवा भरा आणि व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खूण करा. मग सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे जा, पुन्हा खूण करा आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने मोजा.

चढाईचा आकडा हवेच्या दाबावरून निघतो. त्यासाठी घड्याळाच्या कडेला एक बारीक भोक असतं. घाम आणि सनस्क्रीन सुकून ते बुजलं, किंवा जॅकेटची बाही त्यावर घट्ट बसली, की सपाट रस्त्यावरही चढ दिसायला लागतात. राइडनंतर साध्या पाण्याखाली धुऊन सुकवा. आत सुई-टाचणी घालू नका, सेन्सर कायमचा जाईल.

नकाशाच्या बाबतीत मात्र कॉम्प्युटर सरळ सरळ पुढे आहे. स्वस्त घड्याळांत नकाशा नसतो, नुसती वाटेची रेघ असते. दोन रस्ते अरुंद कोनात फुटले की त्या रेघेवरून डावा की उजवा हे कळत नाही, आणि चूक झाल्याचं शंभर मीटर पुढे गेल्यावर समजतं. नकाशा असलेल्या महाग घड्याळातही रस्ता चुकल्यावर नवी वाट शोधायला वेळ लागतो. चढाची किती लांबी बाकी आहे आणि तो किती टक्क्यांचा आहे हे सांगणारं गार्मिनचं क्लाइंबप्रो बऱ्याच घड्याळांत कोर्स (आखलेली वाट) आधी भरलेला असेल तरच चालतं. एज 540, 840, 1040 वर ते कोर्सशिवायही चालतं. अनोळखी रस्त्यांवर बरंच फिरणार असाल तर एवढ्या एका कारणासाठीही कॉम्प्युटर घ्यावा.

लांब राइडला बॅटरीचा प्रश्न येतो. ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेळमर्यादा 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. नेहमीच्या अ‍ॅपल वॉचला जीपीएस वर्कआउटमध्ये सात तासांच्या आसपास मिळतात, म्हणजे 200 ची ब्रेव्हे अर्ध्यावरच राहते. फोररनर 955 फक्त जीपीएसवर कंपनीच्या आकड्यानुसार 42 तास चालतं, पण मल्टिबँड (उपग्रहांचे एकाहून जास्त फ्रिक्वेन्सीवरचे सिग्नल घेणारा अचूक मोड) लावलं की 20 तासच, आणि नकाशा चालू ठेवला तर त्याहून कमी. खरी गोम चार्जिंगमध्ये आहे. कॉम्प्युटरला चालत्या सायकलवर पॉवर बँकेची वायर लावता येते. बहुतेक घड्याळांचा चार्जर पाठीला लागतो, त्यामुळे मनगटावर असताना चार्जिंग अशक्य, आणि हँडलवर बांधलं असेल तर तिथे फोम आडवा येतो. 300 च्या पुढे जाणाऱ्यांनी घड्याळाच्या भरवशावर निघू नये.

मोठ्या स्क्रीनसाठी फोन हा एक मार्ग आहेच. अ‍ॅपल वॉचवर सायकलिंग वर्कआउट सुरू केलं की तेच आकडे आयफोनवर मोठे दिसतात, आणि हे खरंच उपयोगी आहे. फक्त माउंट जपून निवडा. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा अ‍ॅपलनेच 2021 मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नसलं तरी खराब रस्ते असतातच, तेव्हा कंपन शोषणारा माउंट घ्या.

आमच्या मते सगळ्यात चांगली मांडणी म्हणजे दोन्ही वापरणं. हँडलवर साधा, छोटा कॉम्प्युटर, मनगटावर घड्याळ. बहुतेक स्पोर्ट्स घड्याळांत हार्ट रेट ब्रॉडकास्ट करण्याची सोय असते. ती चालू केली की कॉम्प्युटर घड्याळाला हार्ट रेट सेन्सर म्हणून ओळखतो. मनगटाच्या आकड्याच्या वर सांगितलेल्या मर्यादा इथेही लागू आहेत, पण आरामाच्या राइडला हे पुरतं. काही गार्मिन घड्याळांत एक्स्टेंडेड डिस्प्ले आहे. त्यात रेकॉर्डिंग घड्याळातच होतं आणि एजची स्क्रीन फक्त ते दाखवते. पोहणं, सायकल, धावणं एका सलग नोंदीत हवं असलेल्या ट्रायथलॉनवाल्यांसाठी ही सोय फार कामाची. दोन्हीकडे एकाच वेळी स्वतंत्र रेकॉर्डिंग मात्र करू नका. राइड दोनदा चढू शकते आणि आठवड्याचे किलोमीटर फुगतात.

एका कामात मनगट हँडलपेक्षा सरस आहे, ते म्हणजे मागच्या गाड्यांचा इशारा. सायकलच्या मागे बसवायचं गार्मिनचं व्हॅरिया रडार 140 मीटरपर्यंतची गाडी टिपतं. ते जोडता येणारं घड्याळ असेल तर गाडी आल्याचं मनगटाला थरथरून कळतं, नजर रस्त्यावरून हलत नाही. रडारसाठी तुमचं मॉडेल चालतं का, हे सेन्सरच्या यादीत आधी बघून घ्या, आणि थरथरीचा इशारा सेटिंगमध्ये चालू आहे ना, ते घराबाहेर पडण्याआधी तपासा.