वसमतची हळद: अल्माटीला धाडावी की ताश्कंदला?

आमच्या शेतकरी कंपनीच्या बैठकीत परवा दोन पाकिटं फिरत होती. एकात पॉलिश केलेली हळकुंडं, दुसऱ्यात पूड. एक विचारणा कझाकस्तानातल्या अल्माटीहून आलीय, दुसरी उझबेकिस्तानातल्या ताश्कंदहून. कंटेनर मात्र एकच भरायचाय. एक काका म्हणाले, "दोन्ही तिकडचेच ना, त्यात काय निवडायचं?" निवडायचं आहे ते रस्ता आणि शेजार.

समुद्र दोघांनाही नाही. (कझाकस्तानला कॅस्पियन आहे, पण न्हावाशेव्याहून सुटलेलं जहाज थेट तिथं लागत नाही.) उझबेकिस्तानचं दुखणं दुहेरी: समुद्र गाठायला किमान दोन देश ओलांडावे लागतात. जगात असा दुसरा देश एकच, लिश्टेनस्टाइन. पाकिस्तानातून आपल्या मालाला वाट मिळत नाही. म्हणून ताश्कंदचा माल न्हावाशेव्याहून इराणच्या बंदर अब्बासला, तिथून रेल्वेने इराणच्या सीमेवरच्या सरख्सला, मग तुर्कमेनिस्तान ओलांडून पुढे. सरख्सला रुळांची रुंदी बदलते, १४३५ मिलिमीटरवरून १५२०. मनमाडला ब्रॉडगेजमधली पोती मीटरगेजमध्ये चढवताना ज्यांनी पाहिलीत, त्यांना ही भानगड वेगळी सांगायला नको. त्याहून मोठी अडचण बँकेत. इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, त्यामुळे बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, बंदर अब्बास दिसलं की बँकवाले दहा प्रश्न विचारतात.

अल्माटीला इराण टाळता येतं. चीनच्या पूर्व किनाऱ्यावर लिआनयुनगांगला माल उतरवायचा आणि अख्खा चीन रेल्वेने ओलांडून खोर्गोसला कझाक हद्दीत शिरायचं. द्राविडी प्राणायामच आहे. रूळ इथंही बदलतात, पण मधे देश एकच, आणि पैशाचा मार्ग मोकळा. थंडीत मात्र जपायला हवं. मुंबईच्या दमट हवेत भरलेला कंटेनर गोठत्या गवताळ मैदानात पोचला की आतल्या पत्र्याला पाणी सुटतं. हळकुंडं नीट वाळलेली हवीत आणि आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायला हव्यात. हळदीला बुरशी लागली की संपलं.

आता शेजार. कझाकस्तान युरेशियन आर्थिक संघात आहे. २०१५ पासून चालू असलेल्या या संघात रशिया, बेलारूस, आर्मेनिया आणि किर्गिझस्तानही आहेत. अल्माटीत एकदा जकात भरली की तोच माल किर्गिझस्तानात बिश्केकला पुन्हा जकात न भरता जातो. अंतरही फार नाही, जवळपास वसमत ते संभाजीनगर एवढंच. उझबेकिस्तान या संघात फक्त निरीक्षक आहे. ताश्कंदपासून कझाक सीमा तासाभराच्या आत, पण तिथं उतरलेली आपली हळद सीमेपलीकडे न्यायची तर जकात पुन्हा भरा, कारण त्यांच्या आपसातल्या सवलती तिथंच पिकलेल्या-बनलेल्या मालाला.

म्हणून ताश्कंद सोडून द्यावं असंही नाही. उझबेकिस्तानची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या वर, कझाकस्तानची दोन कोटींच्या आसपास आणि तीही अवाढव्य देशात विखुरलेली. २०१७ मध्ये उझबेकिस्तानचं चलन, सोम, खुलं झालं. त्याआधी सरकारी भाव एक, बाजारातला दुसरा. मिर्झियोयेव राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून शेजाऱ्यांशी बंद पडलेल्या वाटाही उघडल्या. आपल्याला ताश्कंद म्हटलं की शास्त्रीजी आठवतात, पण तिथल्या चोरसू बाजाराच्या निळ्या घुमटाच्या परिसरात मसाल्याचे ढीग लागतात. गिरणीवाला खरेदीदार असेल आणि सुटी हळकुंडं द्यायची असतील, तर गिऱ्हाईक तिकडंच जास्त.

आपल्याला मात्र पाकिटातली पूड विकायचीय, जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीच्या, मानांकनाच्या नावावर. पाकिटाला लेबल लागतं, लेबलाला खर्च. कझाकस्तानसाठी ते कझाक आणि रशियन दोन्ही भाषांत छापावं लागेल, वर माल संघाच्या नियमांत बसतो हे सांगणारं ईएसी चिन्ह. चिन्हाची उठाठेव एकदाच, आणि मग पाच देशांची दारं. भारताने या संघाशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींची रूपरेषा ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलीय. करार झाला तर तो संघातल्या देशांपुरता असेल, ताश्कंदला त्याचा उपयोग नाही.

माझं मत अल्माटीला. पैसे निम्मे आगाऊ, उरलेल्याला ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारा सरकारी कंपनीचा, विमा. ताश्कंदवाल्याला पाच किलो हळकुंडं नमुना म्हणून दिल्लीहून विमानाने पाठवू, आणि रेल्वेभाडं त्याच्याच माथी ठेवून भाव विचारू.