कर्मचाऱ्यांची माहिती गूगल फॉर्म्सवर: वर्षभराच्या वापरानंतर

चाकणच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिस आणि एचआरचं काम बघते. गेल्या दिवाळीपासून कायम आणि कंत्राटी अशा सगळ्या कामगारांची माहिती आम्ही गूगल फॉर्म्सवर घेतोय: पत्ता, बँक खातं, यूएएन (पीएफ सदस्याचा क्रमांक), रक्तगट, गणवेशाचं माप, बसचा थांबा. फुकट आहे आणि उत्तरं थेट गूगल शीटमध्ये, म्हणजे तक्त्यात, येतात, हे सगळ्यांना माहीतच असतं. वापरताना जे कळलं ते लिहिते.

सगळ्यात मोठा फायदा 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन'चा, म्हणजे उत्तर नियमात बसतं का ते फॉर्मनेच तपासण्याचा. पगार परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चुकलेला आयएफएससी, बँकेच्या शाखेचा कोड. हा कोड ११ जागांचा: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवा कायम शून्य, पुढच्या सहा जागा शाखेच्या. शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाकणारे खूप. रेग्युलर एक्स्प्रेशनचा (कुठे अक्षर, कुठे अंक याच्या साच्याचा) नियम लावला की असा कोड फॉर्म स्वीकारतच नाही. यूएएन १२ अंकी, पॅन १० जागांचा, त्यांनाही तसेच नियम लावले. फक्त उत्तर चुकल्यावर दिसणारी सूचना स्वतः मराठीत लिहा. आमच्याकडे बऱ्याच जणांचा कीबोर्ड मराठी आहे. ते १, २, ३ असे देवनागरी अंक टाकतात आणि इंग्रजी अंकांसाठी लिहिलेला नियम ते नाकारतो. नुसतं 'चूक' असं दिसलं तर माणूस तिथेच फॉर्म सोडतो. 'कीबोर्ड इंग्रजी करून आकडे टाका' एवढं लिहिल्यावर फोन यायचे थांबले.

खाते क्रमांक दोनदा विचारा आणि शीटमध्ये दोन्ही रकाने ताडून बघा. शीटची सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) काढून एक्सेलमध्ये सरळ उघडली की सुरुवातीची शून्यं उडतात, आणि १५ आकड्यांपुढचे अंक शून्य होतात. आपल्याकडे खाते क्रमांक १८ अंकांपर्यंत असतात. म्हणून फाइल एक्सेलच्या 'डेटा' मेनूमधून इम्पोर्ट करून तो रकाना टेक्स्ट ठेवायचा. पगाराच्या महिन्यात ही गोष्ट विसरून चालत नाही.

कागदपत्रं अपलोड करायची सोय मात्र आमच्या कामाची नाही. त्यासाठी भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. शिफ्ट सुटल्यावर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड आठवत नाही, आणि खूपदा फोन मुलाच्या खात्यावर चालू असतो. शिवाय फाइली आपल्याच ड्राइव्हवर साठतात आणि फुकट खात्याला जीमेलसकट १५ जीबीच जागा मिळते. पासबुकाची प्रत आम्ही ऑफिसातच स्कॅन करतो. 'एकदाच उत्तर' या सेटिंगलाही लॉगिन लागतं, म्हणून ते बंद ठेवलंय. टोकन नंबर (कामगाराचा कारखान्यातला क्रमांक) सक्तीचा केला आहे. दोनदा भरलं तर टाइमस्टॅम्प (भरल्याची वेळ) बघून शेवटचं धरायचं.

नाव तीन वेगळ्या रकान्यांत घ्या, 'आधारवर आहे तसंच' असं लिहून. आडनाव आधी की नंतर, यावरून पीएफमध्ये नाव जुळत नाही आणि त्रास कामगाराला होतो. विभाग, ठेकेदार, बसथांबा हे ड्रॉपडाऊनमध्ये द्या. कायम की कंत्राटी, या उत्तरावरून फॉर्मचा पुढचा भाग बदलता येतो, त्यामुळे नको ते प्रश्न कोणालाच दिसत नाहीत.

पीएफच्या वारसाची माहिती मी फॉर्ममध्ये घेत नाही. ते ई-नॉमिनेशन (वारसाची ऑनलाइन नोंद) सदस्याने स्वतः ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, पोर्टलवर करायचं असतं. मी फक्त 'झालं का?' विचारते आणि 'नाही' म्हणणाऱ्यांना शनिवारी बोलावून, बाजूला बसून, त्यांच्याच मोबाइलवर करून घेते. या एका प्रश्नासाठीसुद्धा फॉर्म बनवणं वसूल आहे, कारण घरचा कमावता गेल्यावर नॉमिनेशन नसेल तर बायकामुलांना किती चकरा माराव्या लागतात ते मी पाहिलंय.

आधार क्रमांक तर फॉर्मवर मागूच नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माहिती कशासाठी घेतोय ते सांगायचं आणि कामापुरतीच घ्यायची. फॉर्मच्या वर आम्ही ते दोन ओळींत मराठीत लिहितो. शीट 'लिंक असलेला कोणीही' या पर्यायावर कधीच नको. आमची शीट मी आणि पगार काढणारे सहकारी, एवढेच उघडू शकतो. सुपरवायझरना गणवेश आणि बसचे रकाने वेगळ्या फाइलमध्ये काढून देते.

काही शंभर कामगारांच्या जागेला हे पुरेसं आहे. दर महिन्याला भरती आणि सोडून जाणं मोठं असेल, तर मात्र पगाराच्या सॉफ्टवेअरमधलंच कर्मचारी पोर्टल घ्या. कारण फॉर्मवर आलेली दुरुस्ती तिथे पुन्हा हातानेच चढवावी लागते.