घड्याळ, तारीख की ग्राहकाची कृती: वर्कफ्लोमध्ये कोणता डिले लावावा?

वर्कफ्लोमध्ये, म्हणजे ग्राहकांना आपोआप मेसेज पाठवणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत, डिले (दोन पायऱ्यांमधला थांबा) टाकण्याआधी, तो कशाची वाट पाहणार आहे हे ठरवा. टूलनुसार नावं बदलतात, पण बहुतेक डिले तीनच प्रकारांत बसतात: ठरावीक कालावधी, ठरलेली तारीख आणि ग्राहकाची कृती.

ठरावीक कालावधी लावायला सगळ्यात सोपा. फक्त 'एक दिवस थांबा' म्हणजे बहुतेक ठिकाणी मोजून २४ तास. रात्री ११:४० ला फॉर्म भरणाऱ्याला पुढचा मेसेज दुसऱ्या रात्री ११:४० लाच जातो. ईमेल असेल तर चालून जाईल, पण जाहिरातीचा एसएमएस भारतात रात्री ९ नंतर अडतो. म्हणून डिलेला वेळेची चौकट जोडावी, उदाहरणार्थ सकाळी १० ते संध्याकाळी ७. ती फार अरुंद नको. 'सोमवारी सकाळी १०' असं ठेवलंत, तर सोमवारी १०:०५ ला आलेला माणूस जवळजवळ आठवडाभर ताटकळतो आणि पुढच्या सोमवारी सगळे एकदम सुटतात. फोन उचलायला दोनच माणसं असतील, तर त्या दिवशी त्यांची धांदल ठरलेली.

व्हॉट्सअ‍ॅपवर हीच चौकट घात करते. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच साधा मेसेज पाठवता येतो, पुढे मंजूर टेम्प्लेट (व्हॉट्सअ‍ॅपकडून आधी मान्य करून घेतलेला मजकूर) लागतं. रात्री ९ ला आलेली चौकशी घ्या. २३ तासांचा डिले दुसऱ्या रात्री ८ ला संपतो, चौकट तेव्हा बंद असते, आणि मेसेज तिसऱ्या दिवशी सकाळी १० वर ढकलला जातो. तोवर ३७ तास झालेले असतात. डिले ४ तासांचा ठेवला, तर याच चौकटीत जास्तीत जास्त १९ तास लागतात.

तारखेवर चालणारा डिले वेबिनार, विम्याचं नूतनीकरण, फी भरण्याची मुदत यांसाठीच वापरावा. तिथे त्याला पर्याय नाही. 'कार्यक्रमाच्या २४ तास आधी' अशी आठवण लावली आणि कोणी ६ तास आधी नोंदणी केली, तर ती वेळ आधीच उलटून गेलेली असते. अशा वेळी मेसेज लगेच पाठवायचा की गाळायचा, हे तुम्हीच सांगावं लागतं. झेपियर या ऑटोमेशन टूलमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे. दुसरा घोळ टाइमझोनचा. एन८एन या दुसऱ्या टूलचा वेट नोड (थांबण्याची पायरी) सर्व्हरची वेळ धरतो. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर तिथले सकाळचे १० म्हणजे आपले दुपारचे ३:३०. नुसती तारीख असलेलं फील्ड यूटीसी मध्यरात्र म्हणून साठवलं गेलं, तर मेसेज आपल्याकडे पहाटे ५:३० ला निघतो.

कृतीची वाट पाहणारा डिले विक्रीच्या वर्कफ्लोत आम्ही आधी निवडू. अर्धवट सोडलेल्या कार्टसाठी मांडणी अशी: 'ऑर्डर झाली' या घटनेची वाट, कमाल १ तास. ऑर्डर आली तर बाहेर. नाही आली तर पहिला ईमेल, मग पुन्हा तीच वाट, कमाल २४ तास, आणि त्यानंतर दुसरा ईमेल. पैसे भरून मोकळ्या झालेल्या ग्राहकाला 'तुमची वस्तू वाट पाहतेय' असा ईमेल जाणं ही या क्षेत्रातली सगळ्यात लाजिरवाणी चूक, आणि नुसता कालावधीचा डिले लावला की ती हमखास होते. टूलमध्ये हा प्रकार नसेल, तर प्रत्येक डिलेनंतर, ईमेलच्या अगदी आधी, ऑर्डरची अट पुन्हा तपासा.

कमाल मुदत विसरलात, तर कृती न करणारे लोक त्याच पायरीवर कायमचे अडकून राहतात. 'ईमेल उघडला' ही घटना वापरू नका. अ‍ॅपल मेलमध्ये २०२१ पासून ईमेलमधली चित्रं आपोआप आधीच लोड होतात, त्यामुळे न वाचलेला ईमेलही उघडलेला दिसतो. क्लिक किंवा खरेदी धरा.

तपासणीसाठी वर्कफ्लोची वेगळी प्रत काढा, तिच्यात सगळे डिले २ मिनिटांवर आणा आणि स्वतःचा ईमेल पत्ता तिच्यातून दोनदा जाऊ द्या: एकदा ऑर्डर करून, एकदा न करता. मूळ वर्कफ्लोतले आकडे बदलू नका, परत पूर्ववत करायचे राहून जातात.