कामाच्या टेन्शनसाठी टेली मानसला फोन केला (१४४१६), माझा अनुभव

आधीच सांगते, मनाच्या त्रासासाठीची ही फोन सर्व्हिस चांगली आहे, फुकट आहे आणि सोलापुरात आपल्या लोकांना अजून माहितीच नाहीये म्हणून एवढं लिहितेय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. एक्स्पोर्टचा सीझन आला की डाईंगवरून (रंगाईवरून) रंगाची शेड मॅच होत नाही, पॅकिंगला माणसं कमी, तिकडं न्हावाशेवा बंदराला कंटेनर जायची तारीख ठरलेली आणि सगळ्यांचे फोन मलाच. रात्री झोप लागायची नाही, लागली तरी तीनला जाग, आणि डोक्यात एकच, ही ऑर्डर गेली तर आपली नोकरी गेली. घरचे म्हणायचे पॉझिटिव्ह राहा, ग्रुपवर रोज तेच मेसेज, सगळं छान होईल वगैरे. खरं सांगू का, त्यानं अजून एकटं वाटायचं, कारण छान होत नव्हतं.

टेली मानस म्हणजे केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेकडं तिचं मुख्य काम आहे. १४४१६ फिरवायचा, चोवीस तास चालू, भाषा निवडायची आणि समुपदेशक फोनवर येतात, गरज लागली तर पुढं मानसोपचार डॉक्टरांकडं पाठवतात. मी मराठी निवडली. मॅडमनी आधी झोप, जेवण विचारलं, जीव द्यावासा वाटतो का हे पण सरळ विचारलं, आणि मला ते आवडलं, उगाच गोड बोलत बसल्या नाहीत.

मग त्यांनी जे करायला लावलं ते महत्त्वाचं. म्हणाल्या, "ताई, डोक्यात येतं ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहा. खाली लिहा की हे खरं आहे याला पुरावा काय आणि खरं नाही याला काय." मी लिहिलं. ऑर्डर गेली तर नोकरी गेली. पुरावा शोधायला बसले तर मागं एक लॉट उशिरा गेला होता, बायरनं डिस्काउंट मागितला, मालक चिडले, पण कामावरून कुणाला काढलं नव्हतं. ही पद्धत जुनी आहे, अमेरिकेत आरन बेक नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटवर काम करताना ती बसवली. म्हणजे वाईट विचार दाबून त्यावर चांगला विचार चिकटवायचा नाही, विचार तपासायचा, आणि तपासल्यावर जो उरतो तो बहुतेक वेळा आधीपेक्षा बराच हलका असतो. माझ्यासाठी पॉझिटिव्ह म्हणजे आता एवढंच.

आणि दुसरी गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. काम खरंच जास्त असेल तर मन बदलून ते कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआऊटची (कामानं पार गळून जाण्याची) व्याख्या केली तेव्हा तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्यानं होणारा प्रकार म्हणून मांडला. मॅडम पण म्हणाल्या, जे तुमच्या हातात नाही ते मालकांसमोर कागदावर मांडा. मी कुठल्या दिवशी किती पेट्या आणि किती माणसं असा कागद करून गेले. मालकांनी संध्याकाळी पॅकिंगला एक मुलगी जास्तीची दिली आणि रात्री नऊनंतर फोन डाईंगच्या सुपरवायझरला जायला लागले. शेडचा त्रास आहे तसाच आहे ओ, पण झोप यायला लागली.

एका फोनमध्ये सगळं सुटेल असं समजून करू नका. वही रोज लिहावी लागते, कंटाळा येतो, आणि झोप-जेवण दोन-दोन आठवडे गेलेलं असेल तर वहीवर थांबू नका, सरळ डॉक्टर गाठा. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलला पण मानसोपचार विभाग आहे, तिथं जायला लाजायचं काही कारण नाही.

फोन कुठून करायचा हा आपल्याकडं मोठा प्रश्न, घरात सगळे असतात. मी सुटल्यावर कंबर तलावाकडं जाऊन केला, निवांत बोलता आलं. आणि हेल्पलाइन देशभरात २० भाषांत आहे, त्यात तेलुगू आणि कन्नड पण आहेत, तेव्हा लूमवरच्या, विडी वळणाऱ्या ज्या मावश्यांना मराठीत मन मोकळं करायला जड जातं त्यांना हा नंबर नक्की द्या, मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.